वजीर पळाला तेव्हा अब्बा का हसले?

शिवजयंतीच्या दिवसांत कुठे डफावर थाप पडली की मला एक वजीर आठवतो. उपडा डफ डोक्यावर धरून केलेली पगडी, कमरेचा शेला हनुवटीला बांधून केलेली दाढी, आणि बाजाराच्या ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत चाललेल्या येरझारा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी चौथीत होतो. गाव दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलडाणा.

जिजाऊंचं जन्मगाव आमच्याच तालुक्यात. त्यामुळे पोवाडा आम्हाला पाठ्यपुस्तकात भेटण्याआधी कानावर पडला. त्या रात्री परगावचा एक शाहीर आला होता. आधी अफझलखान झाला, मग तानाजी झाला. रात्र वर आली, बायकांच्या मांडीवरची पोरं पेंगायला लागली, तसा शाहिरानं ढोलकीवाल्याला खूण केली आणि खर्ड्याच्या लढाईचा विनोदी पोवाडा घेतला.

त्याची रचना साधी होती. निजामाचा वजीर बढाया मारतो आणि झीलकरी त्याला चढवतात. वजीरसाहेब, पुण्याला जाऊन काय करणार? वजीर सांगतो, आधी पुणं लुटणार, मग नाना फडणविसाला बांधून आणणार, मग शनिवारवाड्यात हुक्का ओढत बसणार. प्रत्येक बढाईला मिशीला पीळ, आणि प्रत्येक पिळाला ढोलकीची एक थाप. मग रात्र होते. ओढ्यावर घोडे पाणी पितात, खुसखुस होते, एक बंदूक उडते. लगेच लय दुप्पट होते आणि वजीर पळत सुटतो. एक जोडा इथे पडतो, दुसरा तिथे. शेवटी तो कुणाचा तरी बुरखा पांघरून बायकांच्या घोळक्यात लपतो.

सगळं मैदान हसत होतं. मीही हसत होतो. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "आबे, तुहा मामू पयाला!"

तो माझ्यासाठीच होता. दोनचार मुंडकी माझ्याकडे वळली, हसू आणखी वाढलं. माझं हसू जागीच थांबलं. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिथे आमची अम्मी बुरख्यात बसलेली होती. मग मी अब्बांकडे पाहिलं. स्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. अब्बा हसत होते. नुसते हसत नव्हते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग उठले आणि शाहिराच्या डफावर दोन रुपये बक्षीस ठेवून आले.

त्या वयात मला एवढंच कळलं, की माझा बाप घाबरला. चारचौघांत उगीच वाकडं नको म्हणून हसला, वर पैसेही देऊन आला. रात्री घरी जाताना मी ते विचारलंच. अब्बा म्हणाले, "वो वजीर अपना कौन लगता रे? कभी पंक्चर निकालने आया था क्या अपने दुकान पे?" मला ती पळवाट वाटली. वजिरासारखीच.

पुढे शिक्षणाच्या निमित्तानं गाव सुटलं, आणि बऱ्याच वर्षांनी मी खर्ड्याच्या लढाईबद्दल वाचायला घेतलं. खरं सांगतो, शाहीर खोटा ठरावा म्हणूनच वाचायला घेतलं.

शाहीर खोटा ठरला नाही. खर्डा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. लढाई झाली मार्च १७९५ मध्ये. एका बाजूला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले असे जवळपास सगळे मराठा सरदार, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली खान. भांडण चौथाईच्या थकबाकीचं होतं. निजामाचा वजीर मुशीर-उल-मुल्क, म्हणजेच अरस्तू जाह. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या वजिराची दरबारातली भाषा नोंदवली आहे. पेशव्याला लंगोटी नेसवून, हातात पाण्याचं भांडं देऊन काशीला जप करायला धाडू, अशा अर्थाचं तो बोलला होता. थकबाकीचा हिशेब समजावून द्यायला नानांनी स्वतः यावं, असा हट्टही त्यानं पेशव्यांच्या वकिलांपाशी धरला होता. म्हणजे बढाईचा भाग शाहिरानं पदरचा घातलेला नव्हता. उलट त्याच्या वजिरापेक्षा खरा वजीर जास्त बोलका होता.

ओढासुद्धा खरा निघाला. दिवसा लढाई झाली तेव्हा निजामाच्या पठाणांनी असा जोर केला की पेशव्यांकडचीच एक फळी मागे रेटली गेली. खुद्द परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले. पुढे शिंद्यांच्या तोफा आणि कवायती पलटणींनी बाजू सावरली. पण निकाल अजून लागायचा होता. संध्याकाळी निजामानं खर्ड्याच्या किल्ल्याच्या दिशेनं माघार घेतली. रात्री मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली. तिथे निजामाचे लोक होते, त्यांनी गोळ्या झाडल्या. तो आवाज ऐकून झोपेतली पलटण दचकून उठली आणि अंधारात वाटेल तशा बंदुका उडवू लागली. छावणीभर हाकाटी झाली. निजाम किल्ल्यात शिरला आणि त्याची बरीचशी फौज आपल्याच सामानाची लूट करत पसार झाली. सकाळी मराठ्यांना समोर टाकलेल्या तोफा दिसल्या, आणि किल्ल्यात कोंडलेला निजाम. शेवटी तह झाला. सुमारे तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, आणि बडबड करणारा वजीर पुण्याच्या ताब्यात.

म्हणजे घोड्यांना पाणी पाजायला गेलेल्या मूठभर लोकांनी एक फौज उधळली, तीही उधळायचं मनात नसताना. यावर विनोदी पोवाडा झाला नसता तरच नवल.

पण त्याच वाचनात दोन गोष्टी हाती लागल्या, ज्या त्या ओट्यावर नव्हत्या.

पहिली बुरख्याची. निजामानं माघार घेतली ती जनानखाना घाबरला म्हणून, असं इतिहासकार लिहितात. पुरुष पळाले की खापर बायकांवर फोडायचं, ही सोय जुनी आहे. शाहिराचा बुरखा त्याच सोयीचा. पण त्याच निजामाच्या फौजेत 'जफर पलटण' नावाच्या बायकांच्या पलटणी होत्या. गणवेशातल्या, बंदूक चालवणाऱ्या, कवायत शिकलेल्या बायका. खर्ड्याच्या रणात त्याही होत्या, आणि त्या बाकीच्या फौजेपेक्षा कमी पडल्या नाहीत, असं म्हटलं गेलं. वजीर खरोखर बायकांमध्ये लपायला गेला असता, तर त्याच्या हातात बंदूक दिली गेली असती. हे कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. अम्मीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तो फिर पोवाडा उनका गाना था."

दुसरी गोष्ट सवाई माधवरावांची. पेशवा तेव्हा वीस वर्षांचा होता. छावणीत विजयाचा जल्लोष चाललेला आणि हा पोरगा उदास. नानांनी कारण विचारलं. त्यावर त्याचं म्हणणं ग्रँट डफनं दिलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की मोगलांनी इतक्या लाजिरवाण्या रीतीनं हार पत्करावी आणि आपल्या लोकांनी फारसं काही न करता मिळालेल्या विजयाची इतकी शेखी मिरवावी, हे दोन्हीकडच्या ऱ्हासाचं लक्षण आहे, याचं मला वाईट वाटतं.

ही नोंद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. पोवाड्यात पळणाऱ्या वजिराकडे सगळं मैदान बोट दाखवत होतं. आणि ज्याच्या नावानं तो विजय मिळाला, तो मात्र म्हणत होता की बढाई मारून पळणं आणि फुकटच्या विजयाची बढाई मारणं ही एकाच रोगाची लक्षणं आहेत.

आता पुन्हा आमच्या गावाकडे येतो, कारण या कथेतला निजाम आमच्या भागात आधी येऊन गेला होता. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडला लढाई झाली. सिंदखेडचे रामचंद्र जाधव, म्हणजे लखुजी जाधवांच्या घराण्यातले, जिजाऊंच्या माहेरचे. ते निजामाच्या बाजूनं होते. त्यांना वेढा घातला होता पेशव्यांच्या फौजेनं. नावाला सेनापती पंधरा वर्षांचा विश्वासराव, प्रत्यक्षात दत्ताजी शिंदे. म्हणजे जिजाऊंच्या जन्मगावी मराठे बाहेर आणि मराठे आत. आणि आतल्यांना सोडवायला कोण धावून आला? तोच निजाम अली. तेव्हा तो गादीवर नव्हता, गादीवर त्याचा भाऊ सलाबतजंग होता. निजाम अलीचं वय तेवीस. काही दिवस झुंज झाली, शेवटी पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग देऊन तह झाला. तो जिंकला नाही. पण वेढ्यात सापडलेल्या जाधवांसाठी तो संकटाच्या दिशेनं चालत आला होता. तोच माणूस खर्ड्याला एकसष्ट वर्षांचा होता आणि अंधारात किल्ल्याचा दरवाजा शोधत होता.

आमच्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याची गोष्ट त्याआधीची, १७२४ ची. तिथे निजामाच्या बापाशी मुबारिझखान लढला. दोन्हीकडे खानच. मुबारिझखान पळाला नाही, आपल्या मुलांसह रणात पडला. विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. लोकांनी मात्र साखर सोडली नाही.

शौर्य आणि भित्रेपणा कुणाच्या जातीधर्माला चिकटलेले नसतात, हे वाक्य आपण सभांमधून पुष्कळ ऐकतो. मला खर्डा आणि सिंदखेड एकत्र ठेवल्यावर वेगळं काही दिसलं. ते एका माणसालाही कायमचे चिकटलेले नसतात. तेविसाव्या वर्षीचा निजाम अली आणि एकसष्टाव्या वर्षीचा निजाम अली, यांतला 'खरा' कोणता? पोवाड्याला एका रात्रीतला माणूस पुरतो. त्यात पोवाड्याचा दोष नाही, ती त्याची रीतच आहे. आपण त्या एका रात्रीवरून माणसाच्या सात पिढ्या ठरवतो, तो दोष आपला.

त्या वजिराचंही पुढे काय झालं पाहा. पुण्यात तो कैदेत राहिला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, पेशवाईच्या वारशावरून पुण्यात कारस्थानं सुरू झाली. या धामधुमीत वजिरानं आपली सुटका तर करून घेतलीच, शिवाय खर्ड्याला निजामानं कबूल केलेल्यातलं पुष्कळसं परतही मिळवलं. ओट्यावर जोडे टाकून पळालेला माणूस पुण्याहून खर्डा परत घेऊन गेला. हे कडवं कुणी गात नाही, कारण यावर हसणार कोण?

मग माझा मोर्चा शाहिरांकडे वळला. वाटलं, ही थट्टा करणारे नेमके कोण होते? खर्ड्यावर पोवाडा रचणारा मोठा शाहीर अनंत फंदी, संगमनेरचा, १७४४ ते १८१९. त्याचं मूळ आडनाव घोलप. 'फंदी' हे नाव आलं ते मलिक फंदी नावाच्या एका फकिराच्या दोस्तीमुळे. संगमनेरच्या लोकांनी त्या दोघांचं मेतकूट पाहून अनंतालाही फंदी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच टिकलं. म्हणजे निजामाच्या पराभवाचा पोवाडा मराठीत आला तोच एका मुसलमान फकिराचं नाव मिरवत.

दुसरा सगनभाऊ. हा मुसलमान, जेजुरीकडचा, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारं घासून धार लावणारा. होनाजीच्या तोडीचा लावणीकार. यानं खडकीच्या लढाईवर पोवाडा केला. खडकी म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७. बापू गोखले इंग्रजांवर घोडा घालत होते आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. पुढे बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला लढता लढता पडले. बाजीराव मात्र गावोगाव फिरत राहिला आणि जूनमध्ये माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला राहिला. त्याला 'पळपुटा' कुणी म्हटलं? निजामानं नाही, इंग्रजानंही नाही. मराठी माणसानंच म्हटलं, आणि असं म्हटलं की दोनशे वर्षांत ते विशेषण त्याच्या नावापासून सुटलं नाही.

इथे मला त्या विनोदी पोवाड्याचं मर्म थोडं उमगलं. तो भीतीला हसत नाही. भीती सगळ्यांनाच असते. समोर बसलेल्या शेतकऱ्याला सावकाराची असते, पोराला मास्तरांची, शाहिराला उद्याच्या बिदागीची. जो नुसता घाबरतो त्याच्यावर पोवाडा रचत नाहीत. पोवाडा हसतो तो तोंड आणि पाय यांच्यातल्या अंतराला. म्हणून आधी बढाईची लांबलचक यादी लागते, मिशीचा पीळ लागतो, झीलकऱ्यांची चढवाचढव लागते. वजीर जितका चढेल तितका पळताना मजेशीर दिसतो. बढाई काढून टाकली, तर उरतो एक म्हातारा माणूस, अंधार, आणि घाबरलेली माणसं. त्यावर हसू येत नाही.

आणि म्हणूनच हा पोवाडा धारदार आहे. वजीर आपल्यातलाच एक बढाईखोर म्हणून दिसला, तर सगळं मैदान स्वतःला हसतं. पण वजीर म्हणजे 'ते' असं ठरलं, की तेच शब्द, तीच ढोलकी, तेच जोडे चौथीतल्या एका पोराच्या अंगावर येतात. शब्द बदललेले नसतात. बोट कुठे वळलंय, तेवढंच बदलतं.

हे सगळं मी एकदा अब्बांना सांगितलं. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, पाना धरवत नव्हता, दुकान भाऊ पाहत होता. फंदीचं सांगितलं, सगनभाऊचं सांगितलं. शिकलगाराचं ऐकून ते खूश झाले. धंदेवाईक माणूस म्हणून. मग मी इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. त्या रात्री तुम्ही हसलात ते घाबरून ना?

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डर लगा था. हँसी भी आई थी. दोनों सच्ची."

"आणि दोन रुपये?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "तेरे को याद नहीं? वो तो बाद में दिए."

मग त्यांनी मला तो पोवाडा पुढे सांगितला. मागून आवाज आला तेव्हा शाहिरानं ढोलकी थांबवली होती. त्यानं दाढीचा शेला सोडला, डोक्यावरची डफाची पगडी उतरवली आणि आवाज आला त्या दिशेला पाहत म्हणाला, की थांबा, अजून एक पळायचा राहिलाय. आणि त्यानं स्वतःचा पोवाडा सुरू केला. दोनच दिवसांपूर्वी रात्री नाल्यातून येताना म्हशीला भूत समजून तो कसा पळाला, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे पोवाडे गाणारा हा मर्द धोतर काट्याला अडकवून कसा ओरडत सुटला. झीलकऱ्यांनी तीच झील धरली, ढोलकीनं तीच लय. मैदान वजिरापेक्षा जास्त हसलं. आवाज देणारा पोरगाही हसला. अब्बा डोळ्यांतून पाणी काढत हसले ते तेव्हा, आणि उठून दोन रुपये देऊन आले तेही तेव्हाच.

माझ्या आठवणीत यातलं काहीही नव्हतं. मला वजीर आठवत होता, बुरखा आठवत होता, ती हाक आठवत होती आणि बापाचं हसू आठवत होतं. मधली म्हैस मी गाळून टाकली होती. रागानं कान बंद झाले असतील. अर्धा पोवाडा घेऊन मी पंचवीस वर्षं बापाला भित्रा समजत राहिलो.

आता वाटतं, त्या रात्री ओट्यावर धाडस केलं ते शाहिरानं. भर मैदानात, रंगलेला खेळ थांबवून, वजिराचे जोडे स्वतःच्या पायात घालणं सोपं नव्हतं. लोक बिथरले असते, बिदागी बुडाली असती. तो कुणाला काही उपदेश करत बसला नाही. फक्त पळणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव घालून मोकळा झाला.

हल्ली पोवाडे मोठ्या स्पीकरवर लागतात, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी फिरतात. तुकडा बहुतेक वजिराचा असतो. तोच जास्त चालतो. तो माझ्याकडे आला की मीही हसतो, कारण वजीर खरोखर हसण्यासारखाच होता. मग मी पाठवणाऱ्याला विचारतो, "म्हशीचा भाग आहे का तुमच्याकडे?" बहुतेकांना कळत नाही मी काय मागतोय. एकदा मात्र गावाकडच्या एका जुन्या वर्गमित्रानं लगेच उत्तर पाठवलं होतं. त्यानं लिहिलं होतं, "आबे, ते म्हैस आमचीच होती."